हुबेहूब घर

मुलाने मागून दोन्ही तळव्यांनी तिचे डोळे झाकले होते, त्यामुळे खोली दिसायच्या आधी म्हातारीला खोलीचा वास आला. शिळी सिगारेट, सांध्यांना चोळायचं मलम, दमट लाकूड, आणि या सगळ्याच्या बुडाशी न धुतलेल्या उशीचा तो तेलकट, आंबूस दर्प. नवऱ्याला जाऊन वर्षं लोटली होती, पण वास इतका ताजा होता की वाटावं, तो आत्ताच उठून संडासात गेलाय आणि परत यायच्या आत आपल्याला चादर बदलायचीय.

"ओळख बघू, कुठे आलोय आपण?" मुलगा कानाशी म्हणाला.

"घरी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

टाळ्या पडल्या. मुलाने हात काढले. समोर वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाई उभ्या होत्या, हसू तोंडावर चिकटवून. त्यांच्या शेजारी टेपवाला. तसा तो मोठा इंटिरियर डिझायनर होता म्हणे, पण कमरेला कायम मोजायची टेप लटकलेली, म्हणून खालच्या हॉलमधल्या बायकांनी त्याचं हे नाव पाडलं होतं. म्हाताऱ्या माणसांना परक्या जागी घरच्यासारखं वाटावं, ही त्याची विद्या. त्यासाठी ज्याचं त्याचं घर जसंच्या तसं उचलून इथे, आश्रमाच्या वरच्या मजल्यावर, उभं करायचं. पहिलं घर म्हातारीचं.

"आजी, वास आला ना?" टेपवाल्याचे डोळे चमकत होते. "सगळ्यात जास्त मेहनत वासावर घेतलीय. आठवणी नाकातूनच जाग्या होतात. तो पंखा दिसतोय ना वर, त्यात बाटली बसवलीय. दर तासाला फवारा."

म्हणजे हा वास पुसून जाणार नव्हता. खिडकी उघडावी म्हणून म्हातारीने तिकडे पाहिलं, तर तिथे खिडकी नव्हतीच. काचेमागे दिवा लावून जुन्या घराच्या परसातल्या भिंतीचा फोटो बसवला होता. शेवाळ धरलेली तीच भिंत. भांडी घासता घासता तिने जन्मभर जी पाहिली, ती आता मरेपर्यंत पाहायची होती, तीही दिवा लावून.

खुब्याचं हाड मोडल्यावर मुलाने तिला इथे आणलं, तेव्हा तात्पुरतं म्हणून खालच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. लोखंडी खाटा, हिरवे पडदे, फिनेलचा वास, भिंतीवर एक कॅलेंडर. मुलाला त्या जागेची भारी लाज वाटायची. आला की नाक मुरडायचा. "आई, हा काय दवाखाना आहे का गं! थोडी कळ काढ, मी तुझं घर आणून देतो तुला," म्हणायचा. आणि म्हातारी? म्हातारी मजेत होती. आयतं ताट पुढ्यात यायचं, ती ते गरमागरम जेवायची, उष्टं ताट तिथेच सोडून भर दुपारी पाय पसरून घोरायची. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होती, पत्त्यांत बेधडक लबाडी करणारी. दोघींची भांडणं साऱ्या हॉलची करमणूक होती. काम करणाऱ्या मावशी तिला 'राणीसाहेब' म्हणायच्या. "राणीसाहेब, पाय उचला, फरशी पुसायचीय," असं कुणीतरी आपल्याला म्हणावं, हे सुख तिला उतारवयात लाभलं होतं.

हे ती मुलाला सांगू शकली नव्हती. कसं सांगणार? बापाच्या आठवणीने अजून गहिवरणारा पोरगा. टेपवाला वही घेऊन विचारायला यायचा तेव्हाही तिने फक्त विचारलं तेवढं सांगितलं. कपाट कुठे, पलंगाचं डोकं कुठल्या अंगाला, चुलीपाशी भिंत काळी होती का. तिने भराभरा सांगितलं, कारण ते विसरायची सोयच नव्हती. टेपवाल्याला त्यात माया दिसली. मुलाचे डोळे भरून आले. आणि आज सकाळी मॅनेजरबाईंनी तिला न विचारता तिची खालची खाट दुसऱ्या बाईला देऊन टाकली. ती बाई संध्याकाळी सामानासकट येणार होती. म्हणजे जे काही बोलायचं, ते संध्याकाळच्या आत बोलायला हवं होतं.

"मी म्हणते, मी खालीच बरी होते," तिने सुरुवात करून पाहिली.

"बघा, किती संकोच!" मॅनेजरबाई म्हणाल्या. "आजी, अहो हे सगळं तुमचंच आहे."

"तेच तर," म्हातारी पुटपुटली, पण तिला हाताला धरून स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे नेण्यात आलं होतं. चूल होती, पण नुसता सांगाडा, आत जाळ नाही. का, तर सुरक्षितता. नळ होता, त्याला पाणी नाही. पातेली मात्र रचलेली, आणि त्यांची बुडं काळी.

"काजळी रंगवून घेतलीय," टेपवाला म्हणाला. "नव्या पातेल्यांना घरपण येत नाही हो. आणि इथे हात लावा. भिंतीवर. चिकट लागतंय ना? वार्निशचे तीन थर दिलेत."

तिने हात लावला. बोटं चिकटली. जी काजळी काढता काढता तिची नखं झिजली आणि जो ओशटपणा खरवडताना तिचा हात दुखून यायचा, तो या माणसाने पैसे घेऊन ब्रशने लावला होता. कुणाच्या उंबऱ्यावर कुणी मुद्दाम घाण आणून टाकावी आणि वर शाबासकीसाठी थांबावं, तसा तो थांबला होता. तिने बोटं पदराला पुसली. चिकटपणा जाईना.

"आणि आता ही," मुलगा म्हणाला. "ही मात्र नकली नाही, आई."

खुर्ची. तिची ती खुर्ची. म्हणजे नवऱ्याची. दोन्ही हातांवर सिगारेटचे चटके, बसकणीला खोलगट खड्डा, आणि पाठीच्या कापडावर, डोकं टेकायच्या जागी, केसांच्या तेलाचा तो काळपट डाग. नवरा आयुष्यभर त्या खुर्चीत बसला. तिथूनच ओरडायचा, तिथेच खाकरायचा, तिथेच पायाशी ठेवलेल्या वाडग्यात थुंकायचा आणि वाडगा भरला की पायाने तिच्याकडे सरकवायचा. शेवटच्या आजारपणात तर तो तिथेच झोपायचा, तिथेच सगळं. तिने ते सगळं काढलं. हातमोजे नव्हते तेव्हा.

"मी कापड बदलणार होतो," मुलगा म्हणाला, "पण यांनी बदलू दिलं नाही."

"छे छे! तो डाग म्हणजे या खोलीचा आत्मा आहे," टेपवाला म्हणाला.

म्हातारीला ओकारी आली. तिने तोंडावर पदर दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलले.

"रडल्या! आजी रडल्या!" मॅनेजरबाई कुजबुजल्या, आणि टेपवाल्याने झटकन मोबाईल काढून फोटो घेतला. मग दोघंही मोठ्या समंजसपणे, मायलेकांना एकटं सोडायला, चहा प्यायला निघून गेली.

आता बोलावं, असं तिने ठरवलं. पलंगाच्या कडेला ती बसली. काठी भिंतीला टेकवली. खुब्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम शिकवणारी मुलगी रोज खाली यायची, "आजी, काठी सोडून उठा, एकदाच," म्हणून गयावया करायची, पण हिचे पाय काही ऐकत नसत. बसल्या जागी बरं वाटायचं, उठायची घाईच नव्हती.

"बाळा, मला तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

"हं." मुलगा दमला होता. महिनोन् महिने सुट्ट्या घालवून, कंत्राटदारांशी भांडून, त्याने ही खोली उभी केली होती. तो सरळ जाऊन खुर्चीत बसला. डोकं मागे टेकलं. बरोब्बर त्या डागावर. एका पायावर दुसरा पाय टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"काय शांत वाटतंय गं," तो म्हणाला. "आई, जरा पाणी दे."

आणि ती उभी राहिली.

काठी नाही, आधार नाही, कण्हणं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत तिचे पाय जमिनीवर होते आणि हात टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे गेला होता. पेला भरताना तिच्या लक्षात आलं की आपण उठलोय. वासाची किळस आली होती, काजळीची आली होती, डागाची तर विचारू नका, पण स्वतःच्या पायांची जी शिसारी तिला त्या क्षणी आली, तशी कशाचीच आली नव्हती.

मुलाने डोळे उघडले. आधी त्याला कळेना. मग तो ताडकन उठला.

"आई! तू काठीशिवाय उठलीस! अगं, बघ, खोलीचा गुण आला! थांब, त्यांना बोलावतो, त्यांना हे दाखवायलाच हवं. तू पुन्हा बस, मी पुन्हा पाणी मागतो."

तो दाराबाहेर धावला. म्हातारी क्षणभर पेला हातात धरून उभी होती. मग तीही निघाली, पण दुसऱ्या दिशेला. भिंतीला धरून, लिफ्टने, पाणी हिंदकळत, खालच्या हॉलमध्ये. दुखणं आता सुरू झालं होतं, आणि ते तिला बरंच वाटलं. आपल्या खाटेवर ती बसली आणि ते पाणी घटाघटा स्वतः प्याली.

मावशी उशीचा अभ्रा बदलत होत्या. "राणीसाहेब, परत कशा?"

"माझी खाट आहे ही."

पाठोपाठ सगळी वरात आली. मॅनेजरबाईंच्या मागे बॅग घेऊन नवी बाई उभी होती, लवकर पोचलेली, बावरलेली.

"आजी, असं काय करता! मग यांना कुठे ठेवू मी?"

"वर अख्खं घर रिकामं पडलंय की. यांना द्या. वासाची बाटली तेवढी काढा. त्या खुर्चीत यांचा नवरा कधी बसला नाही, यांना काही बाधायचं नाही."

शिक्षिकेच्या हातातले पत्ते थांबले. टेपवाला आपल्या टेपेशी चाळा करत मागे सरकला. मुलगा मात्र पुढे आला. त्याच्या हातात तिची काठी होती.

"आई, मी किती खपलो गं त्या खोलीसाठी."

"माहितीये," ती म्हणाली. "मी जन्मभर खपले."

"बाबा थोडे रागीट होते, मान्य आहे. पण..."

"मला किळस येते, बाळा. त्या घराची. तुझ्या बापाची तर तो होता तेव्हाही यायची. आज तू पाणी मागितलंस आणि मी उठले, तेव्हा मला माझी आली. मला इथे राहू दे."

त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं. "म्हणजे कधीच नाही? मी लहान असताना? आपण सगळे संध्याकाळी बसायचो तेव्हा? तेव्हा तरी तुला तिथे बरं वाटायचं ना?"

मावशींनी त्याच्या पाठीमागून तिला डोळ्यांनी खुणावलं: हो म्हणा, राणीसाहेब, काय जातंय. आणि खरंच काय जात होतं? एक शब्द. असे शब्द तिने त्या घरात पोत्याने खर्चले होते.

"तुम्ही बसायचात," ती म्हणाली. "मी कधी बसले?"

तो आठवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तो खरोखरच आठवतोय, एकेक संध्याकाळ काढून पाहतोय, आणि त्यातल्या एकीतही ती त्याला बसलेली सापडत नाहीये. मग त्याने काठी खाटेच्या कडेला ठेवली आणि तो गेला. एरवी तो दारातून वळून "येतो गं" म्हणायचा. आज म्हणाला नाही, आणि तिनेही त्याला हाक मारली नाही.