जीवराम नानांच्या वहाणा

ज्याचा निश्चय अढळ असतो त्याच्या पायाशी यश लोळण घेतं, असं थोर लोक सांगत आले आहेत. जीवराम नानांचा निश्चय अढळ होता. त्यांच्या पायाशी मात्र बाभळीचे काटे आणि वैशाखातला फुफाटा एवढंच लोळण घेत असे.

नानांचं गाव एरंडोल तालुक्यातलं. सन एकोणीसशे एकोणतीसपर्यंत त्या गावात कोणी मॅट्रिक झालं नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं. पण नानांचा एकुलता एक मुलगा पुना जळगावला मामाकडे राहून इंग्रजी शाळा शिकला आणि मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचला. परीक्षा मार्चात होती. त्याआधी माघातल्या चतुर्थीला सगळं गाव गाड्या जुंपून पद्मालयाला गेलं, तसे नानाही गेले.

पद्मालयाला गाभाऱ्यात दोन गणपती आहेत. एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. उजवा कडक आणि डावा भोळा, अशी लोकांची समजूत. नाना दर्शन घेऊन बाहेर आले आणि पायऱ्यांशी बराच वेळ उभे राहिले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, खाली पाहिलं. देवाचा काही कौल ऐकत असावेत, असं पाहणाऱ्यांना वाटलं. तेवढ्यात त्यांचा भाऊबंद आणि शेजारी रुपचंद आला. या दोघांचं शेताच्या बांधापासून रुपचंदच्या सुनेच्या स्वैपाकापर्यंत कशावरच एकमत नव्हतं.

"का हो नाना, वहाना कोठे शेतस?" रुपचंदने मोठ्यांदा विचारलं.

नानांनी घसा साफ केला. "सोड्यात. मन्हा पुना मॅट्रिक व्हई तवलोंग पायमा वहान घालाव नही. उजवी सोंडले सांगी उनू."

दोघातिघांनी हात जोडले. रुपचंद तेवढा हसला. "मंग तं नाना, तुम्ही मसनमाबी उघडा पायेच जाशात."

नवस देवापुढे झाला असता तर कदाचित कधीतरी फिटला असता. हा रुपचंदसमोर झाला होता. नानांनी तिथेच त्याला जोड दिली, की नवस फिटेपर्यंत पद्मालयाची पायरीसुद्धा चढणार नाही.

पुना परीक्षेला बसला आणि इंग्रजीत नापास झाला. पुढच्या वर्षीही इंग्रजीत नापास झाला. त्यापुढच्या वर्षी तो इंग्रजीत आणि, काहीतरी नवीन म्हणून, इतिहासातही नापास झाला.

पहिल्या निकालानंतरच नानांनी मुलाला जळगावहून गावी आणलं आणि गावातल्या एका पेन्शनर मास्तरांच्या हवाली केलं. मास्तरांची इंग्रजीशी ओळख होती, पण ती लांबून. मळ्यातल्या निंबाखाली बसून त्यांनी पुनाकडून व्याकरणाचं एक जाड पुस्तक पाठ करून घेतलं. पुनाला ते पुस्तक उलटंसुद्धा म्हणता येई. एक साधं वाक्य बनव म्हटलं की त्याला घाम फुटे. तरी दरवर्षी तेच मास्तर, तेच पुस्तक आणि तोच निंब. ज्या दगडाला ठेच लागली तो ओलांडून जाणं म्हणजे हार, असं नानांचं मत होतं. त्यांना दगड फुटलेला हवा होता.

"आबा," पुना एकदा म्हणाला, "जळगावले कापूसना जिनमा काम शे. तठे ऱ्हाईसन अभ्यास करसू."

"हट्ट करू नको," नाना म्हणाले.

त्या घरात शब्दांची वाटणी झालेली होती. नाना करत तो निश्चय, पुना करे तो हट्ट, आणि मंजुळाबाई, म्हणजे पुनाची आई, करत ती कटकट. गावाने एवढा बारीक विचार केला नव्हता. गावात तिन्हींना मिळून हेका असा एकच शब्द होता.

मंजुळाबाईंची कटकट रोज संध्याकाळी दिवा लागला की सुरू होई, कारण त्या वेळी नानांचा पाय मांडीवर घेऊन त्या सुईने काटे काढत. एका चतुर्थीला त्या बायकांबरोबर पद्मालयाला जाऊन आल्या. उजव्या सोंडेकडे त्यांनी पाहिलंही नाही. डाव्या सोंडेपुढे पदर पसरून म्हणाल्या, "त्या तुना भाऊले यास्नी धरी ठेयेल शे. तू जरा मधमा पड ना बाप."

सुटकेच्या वाटा गावानेही सुचवल्या. कापडदुकानदार लखीचंद आजोबांच्या वेळेपासून गावात स्थायिक झालेला, शांत स्वभावाचा माणूस होता. तो म्हणाला, "नाना, खडावा घाला. नवस वहाणांचा आहे. खडावा म्हणजे लाकूड."

"देवासंगे घासाघीस? तो काय तुन्हा गिऱ्हाईक शे?"

लखीचंदने हे मनाला लावून घेतलं नाही. आठ दिवसांनी त्याने आणखी चांगला मुद्दा काढला. "नाना, तुम्ही 'मॅट्रिक व्हई' म्हणालात. 'पास व्हई' म्हणाला नाहीत. आमच्या मामांचे जावई नावापुढे 'मॅट्रिक फेल' लिहितात. जळगावात चांगल्या नोकरीवर आहेत. फेल झाले तरी मॅट्रिकच ना?"

नाना विचारात पडले. त्यांचा एक हात पायावरून फिरला. एवढ्या वर्षांत ते डळमळलेले गावाने पाहिले ते तेवढ्या एका वेळी. पण दुकानाच्या ओट्यावर रुपचंद बसला होता आणि विडी विझली तरी ओढत होता.

"फेल म्हणजे फेल," नाना म्हणाले.

त्या वर्षी कपाशीच्या वावरात नानांच्या टाचेत काटा मोडला. सुईने निघाला नाही. पाय पोटरीपर्यंत सुजला, नाना तापात बडबडू लागले, तेव्हा पुनाने त्यांना गाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाच कापून पू काढला आणि बजावलं, "यापुढे अनवाणी चाललात तर पुढच्या वेळी पाय काढावा लागेल."

"पाय गया ते वहान घालाना सवालच मिटना," नाना म्हणाले. डॉक्टरांनी असा रोगी पाहिला नसावा. ते पुढच्या खाटेकडे गेले.

पुना दवाखान्याच्या ओसरीत डोकं धरून बसला. मॅट्रिक होण्याची त्याला स्वतःला फारशी हौस उरली नव्हती. पण आता ती परीक्षा त्याची राहिली नव्हती, बापाच्या पायाची झाली होती. तो उठून आत गेला.

"आबा, मी मॅट्रिक व्हसू. पन तुम्हना निंबखाले बसाव नही."

"म्हंजे हट्टच ना?"

"काय म्हनशात ते म्हना."

"जाऊ द्या त्याले," मंजुळाबाई म्हणाल्या. नाना उठून अडवू शकत नव्हते, त्यामुळे पुना गेला.

जळगावच्या एका जिनात तो तेलाच्या इंजिनावर मदतनीस म्हणून लागला. इंजिनाबरोबर विलायतेहून एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते कोणाला वाचता येत नसल्यामुळे मॅनेजरने खिळ्याला टांगून ठेवलं होतं आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागत असे. पुनाने ते खाली काढलं. एकेक वाक्य लावायचं आणि तसं करून बघायचं. अर्थ चुकला तर इंजिन चालत नसे. बरोबर लागला तर चाले. मास्तरांच्या व्याकरणात ही सोय नव्हती.

पुढच्या परीक्षेलाही तो नापास झाला. पण या वेळी त्याने नशिबाला दोष दिला नाही की देवाला. एका शाळामास्तरांना गाठून आपण कुठे कमी पडतो ते विचारलं. ते म्हणाले, "तुला इंग्रजी येतं. निबंध येत नाही." मग त्याने सहा महिने रोज दिवसभरात इंजिनाने काय काय केलं ते इंग्रजीत लिहून त्यांना दाखवलं.

त्यापुढच्या वर्षी परीक्षेचं केंद्र धुळ्याला आलं. निबंधाचा विषय होता 'चांदणी रात्र'. पुनाने लिहिलं की रात्र चांदणी होती आणि जिनाचं इंजिन बंद पडलं. मग झडप कशी काढली, साफ कशी केली, परत कशी बसवली, हे त्याने दोन पानं भरून लिहिलं. शेवटी इंजिन सुरू झालं आणि चंद्र अजून वरच होता. परीक्षकाला काय वाटलं कोण जाणे, पण पुना पास झाला.

तो निकाल घेऊन घरी आला, तेव्हा नाना म्हणाले, "देख! मी सांगेल व्हतं ना? निश्चय पाहिजे."

पुनाने स्वतःच्या पगारातून वहाणा करायला टाकल्या. माप घ्यायला एरंडोलचा वना मिस्त्री आला. त्याने नानांचा पाय हातात धरून उलटासुलटा पाहिला. "नाना, हाऊ पाय नही, पाट शे," तो म्हणाला आणि चामडं जास्तीचं आणायला परत गेला.

पुढच्या चतुर्थीला सगळं गाव वाजंत्री लावून पद्मालयाला निघालं. वाटेत लखीचंदने लोकांच्या आग्रहाखातर निश्चयावर चार शब्द सांगितले. त्यात पुनाचं नाव एकदा आलं. नाना उजव्या सोंडेपुढे दंडवत पडले, मंजुळाबाई डाव्या सोंडेपुढे. मग नाना बाहेर येऊन पायरीवर बसले. पुनाने फडक्यातून नव्या कोऱ्या वहाणा काढल्या. वाजंत्री थांबली. इतकी वर्षं हसत आलेला रुपचंदसुद्धा टोपी सारखी करून उभा राहिला आणि म्हणाला, "मानी गऊ बुवा तुमले."

पायऱ्यांशी दूर्वा विकायला बसणारी म्हातारी भिकुबाई डोळ्यांवर हात धरून नानांकडे पाहत होती.

"तुम्हीच ना हो बाबा ते?" ती म्हणाली. "मागे एक चवथले आठेच उभा राहीसन वहाना धुंडी ऱ्हायंतात?"

नानांनी नजर तळ्याकडे वळवली.

"कुत्रं लई गयतं त्या. तुम्ही गयात आन मंग माले तलावकडे एक सापडनी. म्हनं आज येतीन, उद्या येतीन. तुम्ही आलेच नहीत." तिने टोपलीखालचं गोणपाट उचकून, वाळून वाकडी झालेली एक वहाण काढली आणि नानांच्या पुढ्यात ठेवली.

मंजुळाबाईंनी वहाण ओळखली. मग त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना तळ्यातल्या कमळांकडे पाहत होते. पुनाने मान वर केली नाही. त्याने बापाचा पाय उचलला, धूळ झटकली आणि नवी वहाण चढवली.

रुपचंदने वाकून जुनी वहाण उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. ती डाव्या पायाची होती.