आधीच केलेली खूण

मित्रांनो, पोहण्याच्या एका क्लासची वेबसाइट आहे. तिच्या अगदी तळाशी राहणारा मी जुना प्रवेशफॉर्म. वर तलावाचे निळेशार फोटो आहेत, सगळे तिथेच रमतात. माझ्याकडे येतात ते कामापुरते. बटण दाबलं की निघून जातात.

मला क्लासच्या सरांनी घडवलं. घडवलं कसलं, दुसऱ्या वेबसाइटवरून जसंच्या तसं उचललं. मग सुचेल तो प्रश्न माझ्या गळ्यात मारला. घर स्वतःचं की भाड्याचं? आजोबा काय करायचे? पोहायला आजोबा कशाला लागतात, देव जाणे! शेवटी एक चौकोन होता, ‘माझी माहिती इतरांना दिली तरी चालेल’. त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. सरांना वाटायचं, ती पालक आपणहून करतात. खूण असलेल्यांची माहिती पोहण्याच्या सामानाच्या दुकानालाही जायची. मुलांना सवलत मिळावी, एवढाच सरांचा हेतू.

सर माझं तोंडभरून कौतुक करायचे. क्लासला सुट्टी लागली की मात्र माझ्याकडे कुणी फिरकत नसे. मग मी साठलेली उत्तरं आठवत बसायचो. तीच माझी सोबत होती.

एकदा एका आईने आजाराच्या रकान्यात लिहिलं, मुलीला कधीतरी फिट येते, पाण्यात लक्ष ठेवा. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. खालच्या खुणेकडे तिचं लक्षच गेलं नाही.

काही दिवसांनी ती मुलगी मैत्रिणींबरोबर पोहण्याचा चष्मा घ्यायला त्या दुकानात गेली. तिचं नाव ऐकून दुकानदार मायेनेच म्हणाला, “फिट येणारी तूच का गं? तुझ्यासाठी वेगळं जॅकेट ठेवलंय.” मैत्रिणी तिच्याकडे बघतच राहिल्या. मुलगी चष्मा न घेता घरी गेली. तिचं पोहणं त्या दिवशी सुटलं.

तिची आई सरांच्या खोलीत आली तेव्हा मी समोर स्क्रीनवरच होतो.

“मी हे तुम्हाला सांगितलं होतं, दुकानाला नाही,” ती म्हणाली.

सरांनी तिची खूण दाखवली. “तुम्हीच होकार दिला होतात.”

“मी तिथे हातही लावलेला नाही.”

सरांनी कोरा फॉर्म उघडला. खूण होतीच. सरांचा चेहरा उतरला. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

सरांनी वेबसाइट बनवणाऱ्या आपल्या भाचीला बोलावलं. तिने आधी खूण काढली. मग एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारलं, “मामा, याचं तू काय करतोस?” मामांचं उत्तर एकच, असावं हाताशी. ती म्हणाली, कामापुरतंच विचारायचं, कशासाठी ते सांगायचं आणि काम झालं की पुसायचं, असा नियमच आहे. प्रश्न गळत गेले. आजाराच्या रकान्याखाली तिने लिहिलं, ‘हे फक्त पाण्यात शिकवणारी ताई वाचेल’. दुकानातली माहिती पुसायला लावली आणि माझ्याकडची जुनी उत्तरंही पुसली.

बरोबरच होतं ते. पण मित्रांनो, इतका एकटा मी कधीच नव्हतो. आठवायला एक नावसुद्धा उरलं नाही.

मग एका दुपारी कुणीतरी आलं. बोटं लहान होती, अक्षरं चुकत होती. ताईबद्दलच्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली. मग तिने लिहिलं, ‘मला फिट येते. ताईला सांगा. दुकानात नको.’ शेवटचा चौकोन तिने रिकामा ठेवला.

मी ते शब्द ताईकडे पोचवले, फक्त ताईकडे.

मित्रांनो, कुणी तुमच्याबद्दल काही विचारलं, तर कशाला हवंय, हे आधी विचारा. आणि कुणी विश्वासाने सांगितलं, तर ते तितक्याच विश्वासाने जपा. ती मुलगी पोहायला शिकली की तिचे शब्दही पुसले जातील. मी पुन्हा रिकामा होईन. मला तिची आठवण राहणार नाही, पण ती पाण्यात असेल.