लेस बांधायला थांबलेली तुकडी

टॅमरॅक रिजची तुकडी चढावर थांबत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो पाळला जात असे.

आयडाहोच्या डोंगरात वणवा लागला की बऱ्याच तुकड्या धावतात. त्यातल्या मोजक्याच स्वतःला ‘हॉटशॉट’ म्हणवू शकतात. बाकीच्यांना रस्ता लागतो, पाण्याचा बंब लागतो. हॉटशॉटांना कुदळ, करवत आणि स्वतःविषयीचं उत्तम मत एवढ्यावर भागतं. आगीच्या वाटेतलं सगळं जळाऊ कापून, खरवडून उघड्या मातीची जाळरेषा काढायची आणि आगीला सांगायचं, बाई, इथपर्यंतच.

वेंडेल हॅस्केट या तुकडीचा प्रमुख होता आणि सगळे नियम त्याचेच होते. चढावर प्रमुखानं पुढे चालायचं. त्याला कुणी ओलांडायचं नाही. मागून येणाऱ्या तुकडीला वाट द्यायची नाही. बुटाची लेस सुटली तर ती माथ्यावर बांधायची. डफी नावाचा एक गडी म्हणे तळवा निघालेल्या बुटानं माथा चढला होता. नव्या पोरांना ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती, की आता तिच्यात बूटच उरला नव्हता.

आणि ज्याला चाल झेपत नाही, त्यानं घरी जायचं. वेंडेल अशा माणसाला बाजूला घेई आणि म्हणे, “तू माणूस चांगला आहेस.” ऐकणारा मुकाट्यानं सामान आवरायला लागे.

या उन्हाळ्यात वेंडेलच्या डाव्या गुडघ्यानं संप पुकारला होता. तो झुडपाआड जाऊन पट्टी बांधे आणि ताठ चालत परत येई. कुणाला पत्ता नाही, अशी त्याची खात्री होती. एकमेकांच्या पायांचे फोड फोडणाऱ्या, घोरण्यावरून माणूस ओळखणाऱ्या तुकडीत गुपित राहतं, असं फक्त प्रमुखालाच वाटू शकतं. कळलं, तर त्याच्याच नियमानं त्याला कचेरीतल्या टेबलामागे बसावं लागणार होतं. तिथे वणवा म्हणजे भिंतीवरच्या नकाशातली लाल टाचणी.

त्या सकाळी दुपारचा वारा सुटायच्या आत खिंड गाठून जाळरेषा काढायची होती. खिंडीपलीकडे गाव होतं. मागून ऑरेगॉनची ‘लॉस्ट म्यूल’ तुकडी येत होती. तिचा प्रमुख रस्क हा वेंडेलचा जुना दोस्त, म्हणजे त्याची फजिती पाहायला सगळ्यात आतुर माणूस.

अर्ध्या चढावर गुडघ्यात कट्ट झालं. वेंडेलनं दात आवळले आणि चाल तशीच ठेवली, असं त्याला वाटलं. मागून लॉस्ट म्यूलचे आवाज जवळ येऊ लागले.

“बॉस,” त्याच्यामागची इनेझ म्हणाली, “लेस सुटली.”

इनेझ अर्मिहो त्याच्या हाताखालची पहिली, तुकडीची उपप्रमुख. चढावर तिनं छत्री मागितली असती तरी वेंडेल इतका दचकला नसता. ती खुशाल खाली बसली.

“माझीपण,” मागून कायपो म्हणाला.

“माझ्या बुटात खडा गेलाय,” म्हणत आडदांड टोबिन चक्क ढुंगण टेकून बसला. मग अख्खी रांगच बसली.

लॉस्ट म्यूलला हे बक्षीस झेपेना.

“काय रे हॅस्केट, सहल वाटतं?” रस्क म्हणाला.

“वाटेत बाकडी टाकायला सांगू का?” त्याच्या तुकडीतलं कुणीतरी ओरडलं.

यापेक्षा कमी बोलण्यावर दात पाडणारा टोबिन गोड हसला. “आज जरा दमलोय, साहेब.”

हा शब्द टॅमरॅक रिजमध्ये पूर्वी कुणी उच्चारलेला नव्हता.

लॉस्ट म्यूल हसत पुढे गेली. वेंडेलनं इनेझच्या बुटाकडे पाहिलं. तिची गाठ पक्की होती. ती तिला सोडवायची खटपट करत होती.

“तुझी लेस सुटलेली नाही.”

“सुटेल हो, बॉस. वेळ लागतोय. गाठ तुम्हीच शिकवलीत.”

“केव्हापासून माहितीये?”

“जूनपासून,” टोबिन म्हणाला. “कायपोचं मत होतं, घोड्याचा गुडघा असता तर गोळी घालावी लागली असती.”

वेंडेलनं बसलेल्या रांगेवरून नजर फिरवली. या पोरांकडे तोऱ्याखेरीज दुसरी इस्टेट नव्हती, आणि ती त्यांनी आत्ता भर वाटेत, शत्रूच्या देखत, त्याच्या गुडघ्यावरून ओवाळून टाकली होती. असं पुन्हा करू द्यायचं नव्हतं.

“मी माणूस चांगला आहे,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

“असाल,” इनेझ उठत म्हणाली. “पण शेपटाला माणूस हवाय. चांगला नसला तरी चालेल, हात शाबूत पाहिजेत.”

शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा. हातमोजा काढून तो राखेवरून उघडा हात फिरवतो आणि मागे धग राहिली का ते पाहतो. त्याला घाई करता येत नाही.

वेंडेल वाटेतून बाजूला झाला. “हो पुढे. आणि माझ्यासाठी चाल कमी केलीस तर बघ.”

त्याला ओलांडून एकेक जण गेला, नजर स्वतःच्या बुटांवर ठेवून. मग इनेझनं चाल धरली. इतकी वर्षं पुढे चालल्यामुळे वेंडेलनं आपली तुकडी पाठीमागून कधी पाहिलीच नव्हती. सगळ्यांची पावलं एकदम पडत होती, जणू एकच लांबलचक जनावर चढ गिळत चाललं होतं.  

थोड्या वेळानं वरून रस्कच्या शिव्या ऐकू आल्या. लॉस्ट म्यूलला टॅमरॅक रिजसाठी वाट सोडावी लागली होती.

तो पोचला तेव्हा जाळरेषा खिंडीच्या पार गेली होती. त्यानं हातमोजा काढला आणि मागून रेघ तपासत निघाला. आगीनं आधीच चाटून सोडलेल्या एका तुटक्या पाइनपाशी हाताला ऊब लागली. मूळ मातीखालून धुमसत रेषेच्या पलीकडे निघालं होतं.

“दोघं मागे!” तो ओरडला. निरोप तोंडोतोंडी रांगेच्या टोकापर्यंत गेला. कायपो आणि टोबिननं मूळ खणून काढून तोडलं. दुपारी वारा आला, त्याच्याबरोबर आग आली, रेषेपाशी बराच वेळ थयथयाट करून बसली. गावाकडे एक ठिणगीही गेली नाही.

संध्याकाळी रस्क शेजारी येऊन टेकला. “शेपटाला का रे तू?”

“बढती मिळाली.”

“आणि सकाळी तुझी पोरं लेस बांधत बसली होती, ते काय होतं?”

वेंडेलनं खाली पाहिलं. तुकडी माखलेल्या तोंडांनी डब्यातले गारढोण बीन्स ओरपत होती.

“ते तुमच्या तुकडीला जमायचं नाही,” तो म्हणाला.