गच्चीवर उभा राहिलेला नारळ

"उभा राहिला! नारळ उभा राहिला!"

मांजरी गावातल्या एका सोसायटीत एकच गलका झाला. पाणी शोधायला बोलावलेल्या दिगंबरबुवांच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ शेंडी वर करून ताठ उभा होता आणि चेअरमन आप्पासाहेबांचे हात आपोआप जोडले गेले होते. दोन्ही बोअर आटलेल्या, सगळी भिस्त टँकरवर. अशा वेळी माणसं नारळालाही विचारतात.

"पाताळगंगा आहे खाली! या खड्ड्यानं तिचा श्वास कोंडलाय. खड्डा बुजवा, इथंच बोअर घ्या!" बुवा गरजले. पाताळगंगेला श्वास लागतो, ही माहिती नवीनच होती.

खड्डा होता पुनर्भरणाचा, गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी. असा खड्डा करायचा सरकारी नियम कागदावर पडून होता. सोसायटीतल्या ललिताबाईंनी दोन वर्षं भांडून गेल्याच महिन्यात तो खड्डा करून घेतला होता. त्यांनी भूजल खात्यात तीस वर्षं विहिरींची पातळी मोजली होती. नवरा गेल्यापासून त्यांच्याकडे चहालाही कुणी फिरकत नसे, आणि सभेत त्या बोलायला उठल्या की लोक मोबाइल काढत. फार एकटं वाटे त्यांना. आता हा खड्डाही जाणार होता.

"अहो बुवा, जरा गच्चीवर चला," ललिताबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"पाणी शोधायला."

बुवा म्हणाले, आमची विद्या जमिनीवरच चालते. ललिताबाईंनी नारळ मागून घेतला आणि जिना चढल्या. फुकटचा तमाशा म्हणून लोकही मागोमाग आले. चार पावलं चालल्यावर ललिताबाईंच्या हातातला नारळ टुणकन उभा राहिला.

"चौथ्या मजल्यावर पाणी लागलं, आप्पासाहेब! घेऊ या बोअर? खाली तुमचाच हॉल आहे."

आप्पासाहेब वाकून नारळाकडे बघू लागले, तसा ललिताबाईंनी हात पुढं केला.

"तळहात खोलगट धरायचा, बोटं हळूच उचलायची. तोल मागं जातो, नारळ उभा राहतो. धरा, शकीलाताई."

तिसऱ्या मजल्यावरच्या शकीलाताईंनी करून पाहिलं. उभा राहिला. बुवा तोवर फाटकाबाहेर पोचले होते.

"पाणी खरं तर इथंच आहे," ललिताबाई म्हणाल्या. "चार महिने या गच्चीवर पडतं आणि आजवर गटारात जायचं. टँकर आजची तहान भागवतो. दुष्काळाशी झगडायचं तर पाऊस असतानाच पाणी मुरवावं लागतं. सरकार नियम करील, पाळायचा आपणच. आणि हात जोडण्याआधी नारळ एकदा स्वतःच्या हातात घेऊन बघत जा."

लोक खाली उतरले. खड्डा वाचला. चहाला मात्र त्या दिवशीही कुणी आलं नाही. ललिताबाईंनी गच्चीवरून खड्ड्यात जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी साचलेला पाला एकटीनंच काढला. पावसाला अजून महिना होता, पण तयारी आधीच करायची असते.