खोटं घर

वर्गात तिला सगळे शंकासुर म्हणत. फुकटचं वायफाय दिसलं तरी शंभर शंका काढणारी मुलगी, तिला दुसरं नाव काय ठेवणार! माहिती सुरक्षेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकल्पात तिने चोरालाच आवतण द्यायचं ठरवलं. संगणकावर एक खोटं घर उभं करायचं. दाराचं कुलूप, कॅमेरा, दिवे, सगळं इंटरनेटवर चालणारं आणि प्रत्यक्षात वीटसुद्धा नाही. चोर आत शिरला की तो काय काय करतो ते बघत बसायचं.

पण चोर फिरकेना. सरांनी नाक मुरडलं. "घर मेलेलं वाटतंय. आत माणसं राहतात असं दिसू दे की. चोर काय दूधखुळे असतात?"

प्रकल्प सादर करायची तारीख तोंडावर आली होती. मग तिने आईच्या घराच्या सेटिंग्ज जशाच्या तशा उचलल्या. आई एकटी राहायची, गुडघ्यांनी जेरीस आलेली, म्हणून ते कुलूप हिनेच बसवलं होतं. बेल वाजली की आई फोन करायची, "उघड गं," आणि ही कॉलेजातून दार उघडायची. तिने नाव बदललं, पत्ता बदलला. खोट्या घरात आता पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागू लागला, जेवणानंतर टीव्ही बंद होऊ लागला.

आठवडा उलटायच्या आत चोर आला. हिला आभाळ ठेंगणं झालं. त्याने काही चोरलं नाही, मोडलं नाही. नुसता बघत राहायचा, दिवा कधी लागतो, घरातली बाई कधी आडवी होते. मग एकदा त्याने कुलूप उघडलं आणि लगेच लावलं. त्यानंतर तो दिसलाच नाही. हिने तेही खुशीत अहवालात घातलं.

सादरीकरणाला दुपारी बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांच्या एका लांबलचक ओळीवर बोट ठेवलं. "ही किल्ली खोटी बनवलीत ना? कुलूपवाली कंपनी घर ओळखते ते हिच्यावरून. नाव-पत्त्यावरून नाही."

ती ओळ तिने बदललीच नव्हती. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या पोरीला स्वतःच्या हाताची शंका कधी आली नव्हती.

"पण तो तर आता येतही नाही," सर म्हणाले. "कंटाळला असेल."

खोट्या घरात तो येईल कशाला, असं तिच्या मनात आलं आणि ती फोन घेऊन बाहेर धावली. कुलपाचं अ‍ॅप तिचा पासवर्ड घेईना. तो कुणीतरी बदलला होता. तिने आईला फोन लावला.

"अगं, किती तत्पर तू!" आई हसत होती. "बेल वाजली, मी तुला फोन लावणार तोवर दार उघडलंससुद्धा."

"आई, मी नाही उघडलं. आई, ऐक..."

"थांब, कोण आलंय बघते. या ना, बसा. अगं, तुझ्या ओळखीचे दिसतात. म्हणतात, तू बांधलेलं घर त्यांनी रोज येऊन बघितलंय."

मागे कुलूप लागल्याची छोटीशी धून वाजली. आईला दुसऱ्या खोलीतूनही ऐकू यावी म्हणून ती तिनेच निवडली होती.