न वाचता दिलेले शेरे

प्रणिताने सँडल दाराबाहेर काढले, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बेल दाबली. येताना मेट्रोत तिने माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. टॅम्पिनीस स्टेशन येईपर्यंत तिन्ही खोटी वाटायला लागली होती.

दार लुर्देसबाईंनीच उघडलं. सत्तरीला आलेल्या, अंगोलात वाढलेल्या आणि लग्न होऊन सिंगापूरला आलेल्या या बाई प्रणिताच्या तिथल्याच कंपनीसाठी सहा वर्षं इंग्रजीचं पोर्तुगीज करून देत होत्या. जूनमध्ये प्रणितानेच त्यांचं काम थांबवलं. शुद्धलेखन तपासणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरने त्यांच्या मजकुरावर पानोपानी लाल रेघा मारल्या होत्या. प्रणिताने त्या मोजल्या, तक्ता केला आणि 'शुद्धलेखन फारच कच्चं' असा शेरा मारून मेल धाडून दिली. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसणाऱ्या पुणेकर बाईला असा शेरा लिहिताना कोण आनंद होतो, ते वेगळं सांगायला नको.

परवा अंगोलातल्या ग्राहकाची तक्रार आली. पोर्तुगाल आणि ब्राझीलने लेखनाचे नियम बदलले असतील, पण आमच्या देशाने ते अजून स्वीकारलेले नाहीत. आम्हाला जुनंच लेखन हवं, आधीच्या बाई लिहायच्या तसं.

"अगं, सॉफ्टवेअरचं वगैरे कशाला सांगत बसतेस?" तिचा मॅनेजर क्षितिज म्हणाला होता. "पुन्हा काम आलंय म्हण आणि मोकळी हो."

लुर्देसबाईंनी तिला बसवलं, गार सरबत दिलं. प्रणिताने घसा साफ केला, पण तेवढ्यात बाईच त्यांच्या सावकाश इंग्रजीत बोलायला लागल्या.

"बरं झालं आलीस. तुझी मेल वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग म्हटलं, चूक आपलीच आहे. नियम बदलले आणि मी म्हातारी जुनंच गिरवत बसले."

त्यांनी टेबलावरची वही पुढे सरकवली. एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहिलेला. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसा.

"रोज सकाळी दोन तास बसते. तिकडे अंगोलात, लुआंडाला बहीण असते माझी, दर रविवारी तिला पत्र जायचं. जूनपासून एकही लिहिलं नाही. म्हटलं, आधी नीट शिकू." त्या ओशाळून हसल्या आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. "हे शेवटचं पान तपासून दे. जमलं असेल तर काम दे. थोडं दिलंस तरी चालेल."

क्षितिजचं वाक्य जिभेवर तयारच होतं. नुसतं 'छान' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पानावरच्या त्या घोटीव अक्षराकडे ती बघत राहिली. आपली स्वतःची इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.

"मला पोर्तुगीज येत नाही," ती म्हणाली. "एक शब्दही नाही. आणि त्या चुका नव्हत्याच. तुम्ही लिहीत होतात तेच त्यांना हवं होतं. मी मजकूर वाचला नव्हता. मशीनने मारलेल्या रेघा मोजल्या आणि तुम्हाला काढलं."

लुर्देसबाईंनी वही आपल्याकडे ओढून मिटली. त्या चिडतील म्हणून प्रणिता वाट बघत राहिली. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अगदी पहिल्या वर्षी तू मला एक मेल केली होतीस," त्या म्हणाल्या. "भाषा फार सुंदर आहे, वाचतच राहावंसं वाटतं, असं लिहिलं होतंस. मी ती छापून बहिणीला पाठवली होती."

प्रणिताने मान खाली घातली.

"तेही न वाचताच?"

"हो," प्रणिता म्हणाली.