पहिल्या मिनिटाचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. बशीहून लहान, मधोमध भोक असलेली आणि कडेने पिवळी. तुमच्या वर्गात भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर असेल, तर माझीच एखादी बहीण त्याच्या पोटात गरगरत असेल. तिची कुणी कधी विचारपूस करत नाही, आणि आम्हीही तक्रार करत नाही. पण आज मी बोलणार आहे. माझा केसाने गळा कापला गेला आहे, आणि तोही अशा व्यक्तीकडून, जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता.

मला घडवलं ते लेपवाल्या काकांनी. कारखान्यात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. फॉस्फर नावाची बारीक पिवळी पूड ते तलम कापडातून चाळत, चिकट द्रावात घोटत आणि माझ्यासारख्या चकतीच्या कडेवर तिचा पातळ थर देत. त्या थरावर प्रकाशाचा निळा झोत पडला की थर पिवळा उजेड देतो. त्या पिवळ्यातून लाल आणि हिरवा वेगळा काढतात, निळा तर असतोच, आणि तिन्ही मिळून तुमचं चित्र होतं. भट्टीतून बाहेर काढल्यावर काकांनी अंगठ्याचं नख माझ्या कडेवरून जोराने ओढलं. ही त्यांची परीक्षा, लेप कच्चा असेल तर पूड नखाला लागते. मग त्यांनी नख उजेडात धरून निरखलं. त्यावर कणभरही पूड नव्हती.

"पिवळे, तू माझं नाव काढणार बघ," ते म्हणाले. मग त्यांनी मला कापसात गुंडाळून प्रयोगशाळेत ताईकडे दिलं.

ताई तिथली इंजिनियर. तिला एकच ध्यास होता, तेवढ्याच विजेत जास्त उजेड कसा मिळेल. आमच्या जातीचा शत्रू म्हणजे उष्णता. लेप तापला की आळसावतो, झोत पूर्वीइतकाच घेतो आणि उजेड मात्र कमी देतो. झोत एकाच जागी बसू नये म्हणूनच आम्हाला फिरवत ठेवतात. ताईने माझ्यासाठी काय काय केलं! तिळाएवढा पडणारा झोत पसरवून मसुरीएवढा केला. पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. मागे वाया जाणारा उजेड पुढे परतावा म्हणून काकांकडून लेपाखाली चांदीचा थर देऊन घेतला. त्यासाठी काकांनी मला खरवडून पुन्हा सजवलं आणि पुन्हा नख लावून पाहिलं. प्रत्येक बदलानंतर उजेड थोडा थोडा वाढत गेला.

आणि तिचा एक नियम होता. यंत्र सुरू झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मगच उजेड मोजायचा. वहीत तिने स्वतःच्या हाताने रकाना आखला होता, 'अर्ध्या तासानंतर'. साहेब घाईने आत यायचे आणि म्हणायचे, "अगं, लागला ना उजेड? मग घे की आकडा!"

"साहेब, थंड चकती सगळ्यांशीच गोड बोलते," ताई हसून म्हणायची. "तिला तापू द्या. मग ती खरं काय ते सांगेल."

हे ऐकलं की माझा ऊर भरून यायचा. माझं खरं रूप ओळखणारी एवढी एकच होती.

पुढे साहेबांनी गिऱ्हाइकाला शब्द देऊन टाकला. वीज जुन्या यंत्राएवढीच आणि उजेड सव्वापट. दोनशे शाळांसाठी यंत्रं हवी होती. ठरल्या दिवशी सकाळपासून ताईने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अर्धा तास थांबून. तिन्ही वेळा आकडा थोडक्यात हुकला. मी जीव तोडून फिरत होते, पण तापल्यावर माझ्याकडून तेवढंच होत होतं. आणखी महिनाभर मिळता तर ताईने उपाय काढलाही असता.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे निघून गेले. ताईने यंत्र बंद केलं आणि मला पूर्ण निवू दिलं. डबा समोर होता, तो तिने उघडला नाही. मग तिने यंत्र सुरू केलं आणि पहिल्याच मिनिटाला आकडा घेतला. तो सव्वापटीच्याही वर होता. थंड असताना मीसुद्धा गोडच बोलते, मित्रांनो, त्यात माझा काय दोष? तिने तो आकडा 'अर्ध्या तासानंतर'च्या रकान्यात लिहिला आणि वही मिटली.

संध्याकाळी साहेबांनी तो आकडा सगळ्यांना वाचून दाखवला आणि टाळ्या वाजल्या. काकांचे तर पाय जमिनीवर नव्हते. "पोरीने मोजलंय," ते ज्याला त्याला सांगत सुटले. "आता नावं ठेवायची कुणाची बिशाद आहे!"

काकांच्याच हातच्या माझ्या बहिणी घेऊन यंत्रं शाळांत लागली आणि तीन महिन्यांत तक्रारी आल्या. पहिल्या तासाला नकाशा लख्ख दिसतो आणि दुसऱ्या तासाला नद्या पुसट होतात. साहेब म्हणाले, "झोत वाढवा." दुखऱ्या पायाला पळायला लावावं, तसं झालं ते. लेप अजून तापला, उजेड अजून घटला आणि शेवटी लेपावर तपकिरी कडं उमटलं. प्रयोगशाळेत तीच शिक्षा मलाही मिळाली. ते कडं आजही माझ्या अंगावर आहे.

मग बैठक भरली. मला यंत्रातून काढून टेबलावर मधोमध ठेवलं होतं, शेजारी ती वही. साहेबांनी विचारलं, "आकडा तर एवढा झकास होता. मग घोडं अडलं कुठे?"

ताईने वही पुढ्यात ओढली. मला वाटलं, आता सांगेल. माझी ताई आहे, सांगेलच.

"लेप कच्चा होता," ती म्हणाली.

दाराशी काका उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. "पोरी, मी स्वतः नख लावून बघितलं होतं गं. दोन्ही वेळा."

"काका, नखाने काय कळतं?" तिने मान वर केली नाही. "आकडा वहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून काकांना लेपाच्या खोलीतून हलवून खोकी बांधायला बसवलं. जाताना त्यांनी साहेबांकडून फक्त मला मागून घेतलं.

आता मी त्यांच्या घरी खिडकीत असते. रोज सकाळी चहा झाला की काका मला उचलतात, नख ओढतात आणि उजेडात धरून बघतात. काल काकू वैतागल्या. "अहो, किती दिवस जिवाला लावून घेणार? तुमचं काही चुकलेलं नाही. त्या मुलीनेच मोजताना काहीतरी घोळ घातला असेल."

"तिला काही बोलू नकोस," काका एकदम म्हणाले. "अर्धा तास थांबल्याशिवाय ती मोजत नाही. मी बघितलंय."

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. यंत्र थकलं तर त्याला विसावा द्या. त्याच्याकडून होत नसेल, तर होत नाही असं लिहा. आकडा पहिल्या मिनिटाचा असेल, तर तो पहिल्या मिनिटाच्याच रकान्यात मांडा. मला तोंड नाही. माझ्या वतीने त्या वहीने बोलायचं होतं.

आज सकाळीही काकांनी नख ओढलं. चष्मा पुसला आणि नख पुन्हा उजेडात धरलं. नख कोरं होतं.

"पूड निघत असणारच," ते काकूंना म्हणाले. "माझेच डोळे अधू झालेत. मला दिसत नाही."